मदत हवी आहे: पीएस ४ तापून बंद पडतोय, धूळ काढली, आता पेस्ट बदलू का?

नमस्कार मंडळी,

जळगावहून लिहितोय. माझ्याकडे २०१६ साली घेतलेला प्लेस्टेशन ४ (पीएस ४, टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल) आहे. मागच्या स्टिकरवर मॉडेल सीयूएच-१२ ने सुरू होतं, म्हणजे पहिल्या, जाड आकाराचाच, पण त्यातला नंतरचा, मॅट झाकणाचा. इतक्या वर्षांत तो एकदाही उघडून साफ केला नाही, ती चूक माझी. यंत्राला दोष देत नाही.

फुटबॉलचा गेम लावला की पाचेक मिनिटांत पंखा जोरात ओरडायला लागतो, आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत जातो. मग 'पीएस ४ फार गरम झाला आहे, बंद करा' अशी सूचना येते, लाल दिवा लागतो आणि सगळं बंद. इथल्या एका दुकानात दाखवला. त्यांनी न उघडताच वरून हात लावून सांगितलं, "चिप गेली, रिबॉलिंग करावं लागेल, साडेचार हजार." (रिबॉलिंग म्हणजे चिप काढून तिच्याखालचे टाके नव्याने घालणं.) मी तो परत घरी आणला.

वडील चाळीस वर्षं मोटार वायंडिंग करतात. गेमचं त्यांना काही कळत नाही, पण तापलेल्या यंत्राचं कळतं. ते म्हणाले, "मोटार तापून ट्रिप होते म्हणजे ती जळालीच असं नाही. आधी हवा कुठून येते, कुठून जाते ते बघ. वायंडिंगला हात सगळ्यात शेवटी." म्हणून उघडायच्या आधी दोन दिवस मी फक्त वेळ मोजली. दुपारी खोलीत थर्मामीटर ३९ दाखवत होता, तेव्हा गेम लावल्यापासून १२ मिनिटांत बंद. रात्री साडेअकराला कूलर लावून तोच गेम, तोच सामना: ३८ मिनिटं चालला. नुसता मेन्यू उघडा ठेवला तर दीड तास काहीही झालं नाही. चिपचे टाके सुटले असते तर खोली थंड केल्याने तिप्पट वेळ कसा मिळाला असता? मला तरी ही उष्णता बाहेर न निघाल्याची लक्षणं वाटतात. चूक असेल तर सांगा.

आणखी एक गोष्ट करून पाहिली. मागच्या जाळीसमोर सुती दोरा धरला. पंखा एवढा ओरडत असताना दोरा जेमतेम हलत होता. म्हणजे पंखा फिरतोय, पण हवा पलीकडे जातच नाही.

काल रविवारी उघडला. आधी सेव्ह केलेले गेम पेन ड्राइव्हवर काढून घेतले, वायर काढली, रात्रभर तसाच ठेवला. मागच्या बाजूला स्टिकरांखाली जे स्क्रू आहेत त्यांना सहा टोकांची आणि मधोमध खिळी असलेली चकती असते, त्यात साधा टॉर्क्स (सहा टोकांचा) बिटही बसत नाही. मध्ये भोक असलेला टी-९ सिक्युरिटी बिट लागला, हार्डवेअरच्या दुकानात आठ बिटांच्या संचात मिळाला. घाईत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून बघू नका, चकती झिजली की तो स्क्रू पुढे कुठल्याच बिटाला दाद देत नाही.

खालचं झाकण निघालं की पंखा आणि पॉवर सप्लायचा डबा समोर येतो. पॉवर सप्लायचे स्क्रू काढून तो सरळ वर उचलायचा, कारण खाली बोर्डावरच्या पिना त्यात शिरलेल्या असतात, शिवाय बाजूला एक छोटी वायर जोडलेली असते. तिला ओढू नका, कनेक्टर धरून काढा. आणि तो डबा उघडू तर मुळीच नका. आत मोठा कपॅसिटर असतो, त्यात वायर काढल्यावरही बराच वेळ चार्ज राहू शकतो. वडिलांच्या दुकानात कपॅसिटरचा झटका बसलेला माणूस मी लहानपणी पाहिलाय.

खाली जे दिसलं ते सांगण्यासारखं आहे. आमच्या घरामागे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) आहे. हंगामात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात, अंगणातल्या तुळशीवरसुद्धा पांढरा थर बसतो. त्यात घरात कूलरची दमट हवा. हीट सिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर, पंख्याच्या तोंडाशी, करड्या-पांढऱ्या रंगाचा नमदा बसला होता, ब्रशने हलेना. चिमट्याने कडेला धरून ओढला तर पट्टीच्या पट्टी अखंड निघाली, निरांजनातल्या फुलवातीसारखी मऊ, आणि तिच्यावर पात्यांचे ठसे ओळीने उमटलेले. या पट्टीतून पंखा हवा ढकलायचा प्रयत्न करत होता.

दुकानात कॉम्प्रेसर आहे, पण तो वापरला नाही. टाकीत पाणी साचतं आणि ते हवेबरोबर बाहेर येतं. हाताचा छोटा ब्लोअर आणि रंगाचा नवा मऊ ब्रश एवढ्यावर काम केलं. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यांत कान साफ करायची काडी अडकवून ठेवली होती. पंखा बाहेरच्या हवेने गरगर फिरला की बेअरिंग झिजतं, आणि फिरणारी मोटार उलटी वीज तयार करते, ती बोर्डात जाऊ शकते. हे वडिलांनी सांगितलं.

सगळं परत जोडून रात्री लावला. दोरा आता आडवा उभा राहतो. वेळ: ५४ मिनिटं, पण नंतर पुन्हा लाल दिवा. म्हणजे फरक मोठा पडला, पण काम पूर्ण झालं नाही.

माझे प्रश्न असे. एक, उरलेला दोष चिपवरच्या वाळलेल्या पेस्टचाच (चिपची उष्णता हीट सिंकला पोचवणारा मधला लेप) असेल ना, की पंखाही बदलावा लागेल? दोन, पेस्ट बदलताना नेमकं कुठे बिघडतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगावं ही विनंती. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला आहे, शनिवारी दहा दिवसांसाठी घरी येतोय. हा पीएस त्याच्यासाठीच घेतला होता. तो आला की आम्ही दोघं रात्री जेवणं झाल्यावर खेळत बसतो, वर्षात तेवढेच दिवस मिळतात. तोवर हा चालू करायचाय.

अपडेट, मंगळवार:

एवढ्या लवकर एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. बहुतेकांनी पेस्टच म्हटलंय, पंख्याला आवाज आहे पण खरखर नाही म्हणून तो तूर्त ठेवतोय.

दोघांनी कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून तापवायचा उपाय सुचवला आहे. तो मी करणार नाही, आणि हा धागा वाचणाऱ्या कोणीही करू नये. तो उपाय एक्सबॉक्स ३६० च्या काळातला. २००५ साली आलेल्या त्या कन्सोलमध्ये पुढे तीन लाल दिवे लागून बंद पडण्याचा प्रकार इतका वाढला की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम त्यासाठी बाजूला काढली. तापणं आणि गार होणं, तापणं आणि गार होणं, यातून आतल्या बारीक जोडांना तडे जात होते. टॉवेलमध्ये भाजल्यावर ते काही दिवस तात्पुरते टेकायचे, मग पुन्हा जायचे. माझ्या कन्सोलचा आजार उष्णता बाहेर न निघण्याचा आहे, त्याला आणखी भाजून काय मिळणार? आग लागायची भीती वेगळीच.

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या मुलाच्या पीएस ५ ला हीच कृती चालेल का. ताई, बाहेरची धूळ काढायला हरकत नाही, पण पेस्टसाठी हीट सिंक उचलू नका. त्यात पेस्टऐवजी द्रवरूप धातू भरलेला आहे. तो वीजवाहक असतो, एक थेंब बोर्डावर ओघळला तर शॉर्ट होईल.

आता माझं काम. काल रात्री बोर्ड बाहेर काढला. डिस्क ड्राइव्हची चपटी वायर काढताना हात थरथरत होते. हीट सिंक मागून एका पोलादी पट्टीने दाबून धरलेला असतो, तिला दोन स्क्रू. ते एकदम सोडायचे नाहीत. अर्धा फेरा इकडचा, अर्धा फेरा तिकडचा, जसं आपण मोटारीचं झाकण सोडवतो. नाहीतर दाब एका बाजूला येतो. हीट सिंक उचलला आणि उत्तर समोर होतं: पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, मधोमध तर चिप उघडी पडलेली, कडेला भेगाळलेला चुरा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं सुती फडकं घेऊन पुसलं, तेव्हा चिपचा आरसा झाला. घरातलं सॅनिटायझर वापरू का असं एकाने विचारलं होतं. नको, त्यात पाणी असतं, बऱ्याच वेळा ग्लिसरीनही असतं, ते मागे राहतं. नवी पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढी, मधोमध. जास्त लावली म्हणून जास्त गार होत नाही.

पण इथे नवीन अडचण आली. या मालिकेत आठ मेमरी चिप आहेत आणि त्यांच्यावर मऊ रबरासारखे थर्मल पॅड असतात, त्यांची उष्णता धातूच्या प्लेटला पोचवणारे. प्लेट उचलताना त्यातले तीन फाटले, एकाचा अर्धा तुकडा चिपवर, अर्धा प्लेटवर राहिला. उरलेले पाचही दाबून कडक झालेत. सगळे बदलावेत असं वाटतं, पण जाडी कोणी खात्रीने सांगत नाही. इथल्या प्रतिसादांतच तीन वेगळे आकडे आलेत. पॅड पातळ पडला तर चिपला टेकणार नाही, जाड पडला तर पॅड प्लेटला उचलून धरेल आणि मुख्य चिपवरचा हीट सिंक नीट बसणार नाही. म्हणजे घेतलेली सगळी मेहनत वाया.

वडिलांनी आज एक युक्ती सांगितली, ती करून पाहतोय. चिपवर पातळ प्लास्टिकचा तुकडा, त्यावर पुतण्याच्या खेळण्यातल्या मऊ मातीची गोळी, पुन्हा प्लास्टिक. प्लेट बसवायची, स्क्रू आळीपाळीने पूर्ण आवळायचे, मग सोडून चपटलेली माती व्हर्नियरने मोजायची आणि प्लास्टिकची जाडी वजा करायची. चार चिपांवर मोजून झालं, माप एकमेकांशी जुळतंय. उरलेल्या चार उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी.

म्हणून आता एवढंच विचारायचंय. पॅड दाबला जायला हवा म्हणून मोजलेल्या फटीपेक्षा किती जाड घ्यावा? आणि नेमक्या जाडीचा मिळाला नाही तर दोन पातळ एकावर एक ठेवलेले चालतात का, की मधल्या जोडावर उष्णता अडते? जळगाव, भुसावळ किंवा नाशिकला सुटे पॅड कुठे मिळतात हे माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत संदेश करा. ऑनलाइन मागवले तर शुक्रवारच्या आत येत नाहीत. बोर्ड सध्या जुन्या साडीच्या सुती कापडात झाकून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलाय, स्क्रू कुठला कुठे ते कागदावर चित्र काढून त्यावरच चिकटपट्टीने लावलेत.