तेल मस्तकावर की पायांवर? (उपवासकाळातलं नाटक)

वसईची ताई:
उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) चर्चच्या हॉलमध्ये मुलांचं नाटक बसवतेय. हाती आलेल्या संहितेत येशूची शिष्या मग्दालीया मरीया शिमोन परुश्याच्या (परुशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) घरी येते, येशूचे पाय आसवांनी भिजवते, मग कुपी फोडून तेल मस्तकावर ओतते आणि पुढे येशूला दगा देणारा शिष्य यहूदा ‘३०० दिनारांचं तेल वाया गेलं’ म्हणून ओरडतो. एक आजोबा म्हणाले, ही सगळी भेळ आहे. खरंच का?

निवृत्त धर्मशिक्षक:
आजोबा बरोबर आहेत, ताई. बायबलच्या वेगवेगळ्या शुभवर्तमानांतले प्रसंग इथे एकत्र झालेत. आसवांनी पाय भिजवणं लूकच्या शुभवर्तमानातलं (अध्याय ७). तिथे यहूदाही नाही आणि पैशांचा वादही नाही. फोडलेली कुपी मार्ककडे (अध्याय १४), बेथानीत कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी, आणि तेल मस्तकावर. यहूदा कुरकुरतो तो फक्त योहानात (अध्याय १२). तिथे मार्था वाढतेय, लाजर पंगतीला आहे आणि त्यांची बहीण मरीया पायांना तेल लावते.

माझं ऐकाल तर लूकच घ्या. नाट्य तिथे आहे. शिमोन परुश्याने येशूला जेवायला बोलावलं, पण पाय धुवायला पाणी दिलं नाही, चुंबन घेतलं नाही, मस्तकाला साधं तेलही लावलं नाही. यजमानाने जे करायचं ते न बोलावता आलेली बाई करते, तेही पायांना, आणि उंची सुगंधी तेलाने. येशू तोंड तिच्याकडे वळवतो, पण बोलतो शिमोनाशी. हे वळणं मुलांकडून नीट बसवून घ्या.

आणि कृपा करून टेबल-खुर्च्या नकोत! तेव्हा मेजवानीत कोपरावर रेलून जेवायचे, पाय मागे पसरलेले. म्हणून ती ‘मागे पायांजवळ’ उभी राहू शकते. गाद्या-लोड पुरेत.

एक वाचक:
पण ती मग्दालीयाच ना? आम्ही लहानपणापासून तेच ऐकलंय.

निवृत्त धर्मशिक्षक:
लूक तिचं नावच देत नाही, फक्त ‘पापी बाई’ म्हणतो. पोप ग्रेगरी पहिले यांनी ५९१ च्या प्रवचनात ही बाई, बेथानीची मरीया आणि मग्दालीया एकच मानल्या. पूर्वेकडच्या चर्चने तसं कधी मानलं नाही. रोमच्या (कॅथलिक चर्चच्या) १९६९ च्या सणांच्या दिनदर्शिकेनेही तिघींची सरमिसळ सोडली. बिचारी मग्दालीया उगाच बदनाम झाली.

वसईची ताई:
मग यहूदाला काढते. त्याचं काम करणारा मुलगा रुसणार! आणि ३०० दिनार म्हणजे नक्की किती?

निवृत्त धर्मशिक्षक:
एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ३०० दिनार ही जवळजवळ वर्षाची कमाई. तेल जटामांसीचं, योहानाच्या हिशेबाने साधारण सव्वातीनशे ग्रॅम. जटामांसी हिमालयातली, तिथवर पोचेपर्यंत महागणारच. पण हे योहानाच्या प्रसंगातलं, तुमच्या नाटकात आकडा नको. रुसलेल्याला शिमोन करा, ते काम जास्त अवघड आहे. आणि कुपीत पाणीच भरा, खरं तेल सांडलं तर पुढच्या प्रवेशात पोरं घसरतील.