माइटर गेट: पाण्याचा जोर पिंटलवर घ्यायचा का?

मुठाकाठ, पुणे
भोसरीच्या शॉपमध्ये धरणांची रेडियल गेटं नेहमी होतात, आता १२ मीटर रुंद लॉकच्या (बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा हौद) माइटर गेटचं (मध्ये V आकारात एकमेकांना टेकणारी दोन कवाडं) प्राथमिक डिझाइन हातात आहे. दोन पातळ्यांतला फरक ५ मीटर, मिटलेल्या कवाडांच्या कोनाचा उतार १:३ (लॉकच्या रुंदीत ३ मीटरला १ मीटर पुढे) धरलाय. खालच्या गर्डरला (कवाडातली आडवी तुळई) अक्षीय, म्हणजे लांबीच्या दिशेने दाबणारा भार किती येईल? तो पिंटलने (कवाड ज्यावर फिरतं ती तळाची खुंटी) घ्यायचा का?

पोलादकाम
पिंटलने अजिबात नाही! दोन्ही कवाडं मिटली की तीन बिजागऱ्यांची कमान तयार होते, आणि तिचा जोर क्वॉइनमधून (कवाडाची भिंतीला टेकणारी उभी कड) थेट भिंतीत उतरला पाहिजे. पिंटल नि वरचा अँकर (कवाडाचा माथा भिंतीला धरणारा) कवाडाचं वजन आणि फिरवतानाचा भार घेतात, बस.

१:३ ला कवाड ६.३२ मीटर लांब येतं. खालच्या पातळीच्या खाली निव्वळ दाब ४९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे मीटरभर उंचीच्या पट्टीवर ३१० किलोन्यूटन. अक्षीय भार त्याच्या दीडपट, ४६५. क्वॉइनवरची प्रतिक्रिया ४९०. गर्डरचं अंतर मीटरभर नसेल तर त्या प्रमाणात बदला. उतार १:६ केलात तर अक्षीय भार ९०० च्या घरात जातो. १:२ ला तो कमी होतो, पण कवाड ६.७१ मीटरचं होतं आणि बेंडिंग वाढतं. १:३ च ठेवा.

मुठाकाठ, पुणे
धन्यवाद. मग क्वॉइनला फट राहिली तर?

पोलादकाम
तीच खरी भीती. फट राहिली की जोर पिंटलवर जातो, बुश (पिंटलवरचं अस्तर) झिजतो, अँकरच्या वेल्डला तडे जातात. म्हणून कवाड जागेवर बसवून, पूर्ण उंचीत टेकतंय हे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघूनच क्वॉइन ब्लॉकमागे इपॉक्सी ओता. फिरण्याचा केंद्रबिंदू किंचित बाजूला सरकवा, म्हणजे दार उघडायला लागताच ब्लॉक घासत न बसता सुटेल.

भरतीओहोटी
दोन गोष्टी सुटल्या. कवाड पिळाला कमजोर असतं, माइटरकडचं (दोन कवाडं जुळतात तिकडचं) टोक खाली झुकतं. कर्णातले टाय (तिरपे ताण-दांडे) ताणून ते सरळ करा, ताण ठरवताना फिरतानाचा पाण्याचा विरोधही धरा. दुसरं, १० सेंटीमीटर पातळी उरली असताना दार ओढलं तर ५ मीटर बुडालेल्या कवाडावर ३१ किलोन्यूटन येतात. दार ओढणारा सिलिंडर त्यालाही पुरेल असा घ्या.

आणि हे गेट समुद्राच्या डॉकला असेल, बाहेरची भरती आतल्या पातळीच्या वर जात असेल, तर ही जोडी आपोआप उघडेल. तिथे उलट्या तोंडाची दुसरी जोडी किंवा सरकता केसन (पोकळ पेटीसारखं दार) लागतो. आडव्या गर्डरच्या वेबला (मधल्या पत्र्याला) निचऱ्याची भोकं ठेवायला विसरू नका, नाहीतर गाळ साचून वजन वाढतं.