इंदूर ते बंदर: भाडं कशाने वाढतं?

रेल्वे मुद्दाम गुजरातच्या बंदरांना झुकतं माप देते, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. मालाचं भाडं रुळांच्या अंतरावर लागतं. इंदूरहून मुंबई रस्त्याने ६०० किमीच्या आत. गाडी मात्र रतलाम, बडोदा असा वळसा घेत ८०० च्या वर जाते. त्यात गुजरातच्या मुंद्रा-पिपावाव बंदरांना दुमजली कंटेनरगाड्या जातात, म्हणून तिकडचं भाडं कमी पडतं.

असा भुर्दंड आम्हा इंदूरकरांच्या पाचवीला पुजलेला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली १ कोटी कर्जाऊ दिले, खंडवा-इंदूर लाइन झाली, पण मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची! पुढे मुंबईची लाइन रुंद रुळांची, ब्रॉडगेज. म्हणून खंडव्याला प्रत्येक पोतं उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात चढवायचं. माझे वडील सरकी पाठवायचे. फुटलेली पोती हमाल तिथेच फलाटावर दाभणाने शिवायचे. ती हमाली, ती तूट दरपत्रकात नसे, पण सोसायचो आम्हीच.

म्हणून सांगतो, दराआधी इंदूर-मनमाड या नव्या, थेट लाइनसाठी भांडू या. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे: ३०९ किमी, १८,०३६ कोटी. ती झाली की इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांच्या मालाला मुंबईचं न्हावाशेवा बंदर खरोखर जवळ येईल.