क्रिप्टोची चावी मोबाइलमध्ये ठेवावी का?

मुळशीकर:

माझ्या मावसभावाचं दीड लाखाचं इथेरियम (बिटकॉइनसारखं डिजिटल चलन) दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेलं. मोबाइल चोरीला गेला नव्हता, कुणाचा फोन आला नव्हता, त्याने कुणाला ओटीपी सांगितला नव्हता. सकाळी उठून वॉलेट (क्रिप्टो सांभाळायचं अॅप) उघडलं तर शिल्लक शून्य. रात्री दोनच्या सुमारास सगळी रक्कम एका अनोळखी पत्त्यावर गेलेली. दोघं मिळून त्याचा मोबाइल चाळत बसलो तेव्हा गॅलरीत, भाचीच्या बारशाच्या फोटोंमध्ये, वॉलेटच्या बारा शब्दांचा स्क्रीनशॉट सापडला. 'नंतर वहीत उतरवून घेऊ' म्हणून दीड वर्षापूर्वी काढलेला. आणि फोटो बघायची परवानगी दिलेली अॅप्स मोजली तर अठरा भरली.

ज्यांना यातलं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी: नाणी मोबाइलमध्ये नसतातच, ती ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक हिशेबवहीत असतात. मोबाइलमध्ये असते ती व्यवहारावर सही करायची चावी. ही चावी २०४८ (बहुधा इंग्रजी) शब्दांच्या ठरलेल्या यादीतल्या १२ किंवा २४ शब्दांवरून कुठेही पुन्हा तयार करता येते. शब्द ज्याच्या हातात, पैसा त्याचा. बँकेत तक्रार करून व्यवहार थांबवता तरी येतो, इथे तेही नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाचा प्रकार उघडकीला आणला. साध्या दिसणाऱ्या अॅप्समध्ये लपलेला हा कोड गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून हेच शब्द शोधायचा. ती अॅप्स गूगल प्लेवरून २ लाख ४२ हजारांहून जास्त वेळा उतरवली गेली होती, आणि अॅपलच्या स्टोअरवरही होती. म्हणजे 'अधिकृत दुकानातूनच घेतो' ही ढालही पुरत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मोबाइलमध्ये सुरक्षित चिप असते, मग काळजी कशाला, असं म्हणतात. आयफोनची सिक्युअर एन्क्लेव्ह ज्या पद्धतीची चावी सांभाळते, ती बिटकॉइन आणि इथेरियमच्या चावीची पद्धत नाही. त्यामुळे वॉलेट अॅप आपली चावी त्या चिपच्या मदतीने कुलपात ठेवू शकतं, पण सही करताना ती बाहेर, मोबाइलच्या साध्या मेमरीत आणावीच लागते. हार्डवेअर वॉलेट म्हणजे चावी ठेवायचं वेगळं छोटं यंत्र; त्यात सही यंत्राच्या आतच होते आणि चावी बाहेर येत नाही.

माझं मत पक्कं झालंय. खिशातल्या पाकिटात ठेवाल तेवढीच रक्कम मोबाइलवर. बाकी सगळी हार्डवेअर वॉलेटवर.

अंकगणित:

मुळशीकर, तुमच्या भावाचं वाईट झालं. पण निष्कर्ष पटला नाही. किल्ली मीटरच्या पेटीवर ठेवली आणि घर फुटलं, तर दाराला दोष कसा द्यायचा? चोरी स्क्रीनशॉटमुळे झाली.

मी अकरा वर्षं लोकांचे संगणक दुरुस्त करतो, म्हणून विचारतो: मोबाइल नको, मग त्याऐवजी काय? बहुतेकांच्या घरी पर्याय असतो तो आठ वर्षं जुना विंडोज लॅपटॉप. मुलाने फुकटचे गेम टाकलेले, अँटिव्हायरसची मुदत संपलेली. मोबाइलवर प्रत्येक अॅप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. शेजारच्या अॅपची फाइल त्याला उघडता येत नाही, फोटो हवे तर परवानगी मागावी लागते. विंडोजवर तुम्ही चालवलेला कुठलाही प्रोग्रॅम तुमच्या नावाखालच्या जवळजवळ सगळ्या फाइली न विचारता वाचू शकतो. वॉलेटची फाइल, ब्राउझरचे पासवर्ड, सगळं. मागच्याच महिन्यात एका सीए ऑफिसच्या मशीनवर डेस्कटॉपवर मधोमध 'वॉलेट शब्द' नावाची नोटपॅड फाइल बघितली. मालकाला तिथल्या तिथे बसवून, समोर रक्कम हलवायला लावली, तेव्हाच मशीन हातात घेतलं.

आणि हार्डवेअर वॉलेट. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट एक्स्चेंजमधून (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावरून) सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथेरियम गेलं, तोवर उघडकीला आलेली सगळ्यात मोठी क्रिप्टोचोरी. सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेटच होती. संगणकाच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही होत होती दुसऱ्यावर. चावी यंत्राबाहेर आलीच नाही, पैसे मात्र गेले.

मुळशीकर:

लॅपटॉपबद्दल शंभर टक्के सहमत. विंडोजवर चावी ठेवण्यापेक्षा अद्ययावत मोबाइल केव्हाही बरा, तो मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता.

बायबिटचं मात्र आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. तिथे अनेकांच्या सह्यांचं काँट्रॅक्ट होतं, म्हणजे अनेकांनी सही केल्याशिवाय पैसे न सोडणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम. असला व्यवहार यंत्राच्या छोट्या पडद्यावर माणसाला वाचता येईल असा नीट दिसत नाही, म्हणून सह्या डोळे मिटून झाल्या. तुम्ही-आम्ही साधे बिटकॉइन पाठवतो तेव्हा पत्ता आणि रक्कम दोन्ही त्या पडद्यावर स्पष्ट येतात. नेमका इथेच मोबाइल कमी पडतो. २०१९ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने गूगल प्लेवर मेटामास्क या वॉलेटच्या नावाचं बनावट अॅप पकडलं होतं. तुम्ही कॉपी केलेला पत्ता ते चिकटवण्याआधीच बदलून टाकायचं. मोबाइलच बिघडलेला असेल तर मोबाइलच्याच पडद्यावर काय तपासणार? दुसरा, वेगळा पडदा हवाच.

आणि वापरणारा कितीही सावध असला तरी अॅप लिहिणारा चुकतोच. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना या क्रिप्टोची हजारो वॉलेट एका रात्रीत रिकामी झाली. चौकशीत निघालं की स्लोप नावाचं मोबाइल वॉलेट लोकांचे शब्द उघड्या अक्षरांत आपल्या सर्व्हरवर पाठवत होतं. त्या लोकांनी कुठे स्क्रीनशॉट काढला होता?

चैत्रपालवी:

मी वापरणारी, तंत्रज्ञ नाही. दोघांचं वाचलं, पण हार्डवेअर वॉलेट घरी आणण्याच्या बाजूबद्दल कुणीच बोलत नाहीये.

२०२० मध्ये हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची यादी फुटली. सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर उघडे पडले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींच्या घरी पोस्टाने हुबेहूब दिसणारी बनावट यंत्रं आली, सोबत 'तुमचं यंत्र बदलून देत आहोत' असं पत्र. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये याच कंपनीच्या सहसंस्थापकाचं घरातून अपहरण झालं आणि खंडणीसाठी त्याचं बोट कापलं. त्याचा त्या यादीशी संबंध नसेल, पण मला त्यातून कळलं ते एवढंच की 'या घरात क्रिप्टो आहे' ही माहितीच धोकादायक आहे. आमच्या सोसायटीत पार्सल वॉचमनच्या टेबलावर पडून असतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण लेबल वाचतो.

म्हणून मी जुना मोबाइल पूर्ण पुसला, सिम काढलं, त्यात वॉलेटशिवाय काहीही ठेवलं नाही आणि तो पांघरुणांच्या कपाटात ठेवला. महिन्यातून एकदा चार्ज करते. बघणाऱ्याला तो फक्त जुना मोबाइल वाटतो. मला हे त्या यंत्रापेक्षा सुरक्षित वाटतं, आणि पदरचे दहा-बारा हजारही वाचले.

अंकगणित:

चैत्रपालवीताई, तुमची मांडणी विचारपूर्वक आहे आणि गॅलरीवाल्या धोक्यातून तुम्ही पूर्ण सुटलात. एकच सांगतो. जुन्या मोबाइलला कंपनीकडून सुधारणा (अपडेट) यायच्या बंद झालेल्या असतात. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक (रँडम) आकडे तयार करण्याच्या कोडमध्येच दोष सापडला होता, आणि त्यामुळे त्यावर बनलेल्या बिटकॉइन वॉलेटच्या चाव्या शोधून काढता येत होत्या. सगळ्यांना नव्या चाव्या करून पैसे हलवावे लागले. कपाटातला मोबाइल घरच्या वायफायला जोडत असाल तर निदान असा घ्या ज्याला अजून सुधारणा मिळतात. आणि स्क्रीन उघडायचा पिन व वॉलेटचा पिन एकच ठेवू नका.

मुळशीकर, यंत्र चोराच्या हातात पडलं तर तेही अभेद्य नाही. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकन या एक्स्चेंजच्या सुरक्षा विभागाने ट्रेझर कंपनीच्या तेव्हाच्या हार्डवेअर वॉलेटमधून पंधरा मिनिटांत शब्द काढून दाखवले होते. यंत्र उघडून, चिपला वीज कमी-जास्त देऊन.

मुळशीकर:

दाखवले होते, खरंय. पण त्यावरचा उपायही तिथेच सांगितला होता. शब्दांवर आपल्या मनातली वेगळी पासफ्रेज (जास्तीचा गुप्त पासवर्ड) लावली तर यंत्रातून शब्द काढूनही हाती काही लागत नाही. शिवाय त्यासाठी चोराला यंत्र हातात हवं, साहित्य हवं, ज्ञान हवं. माझ्या भावाला लुटणारा जगात कुठे बसला होता कोण जाणे. मला दोन धोके एका मापाचे वाटत नाहीत.

ताई, पार्सलचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं होतं तेही नशिबाने. मात्र यंत्र नेहमी थेट कंपनीकडून किंवा तिने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावं. डब्यात आधीच भरलेले शब्द आले तर ते यंत्र हातही न लावता परत करावं. शब्द यंत्राने तुमच्या समोरच बनवले पाहिजेत.

दर्यावर्दी:

तिघांना एकच विचारतो. एवढा खटाटोप कशाला? एक्स्चेंजवर ठेवा. पासवर्ड विसरला तर ते परत मिळवून देतात, केवायसी आहे, भारतीय कंपनी आहे.

अंकगणित:

दर्यावर्दी, १८ जुलै २०२४. मुंबईच्या वझीरएक्स एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलर गेले, दोन हजार कोटी रुपयांच्या आसपास. लोकांचं क्रिप्टो त्यानंतर वर्षाहून जास्त काळ अडकून पडलं. माझे तीन गिऱ्हाईक त्यात होते. केवायसी तिघांचंही पूर्ण होतं.

सावंतवाडीकर:

चर्चा यंत्रांवर चाललीय, पण ते बारा शब्द तुम्ही ठेवता कशावर? मोबाइल असो की हार्डवेअर, अडीनडीला शेवटी तेच लागतात. मी २०२१ मध्ये डायरीत लिहून देवघराच्या खालच्या खणात ठेवले होते. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी खण उघडला तर डायरीचं बाइंडिंग तेवढं शिल्लक, आत वाळवीने माती भरलेली. मोबाइल चालू होता म्हणून वाचलो, त्याच दिवशी पुन्हा उतरवून घेतले. इथे कोकणात कागद हा भरवशाचा नाही. शाईचं पेन तर नकोच.

आता स्टीलचा पत्रा घेतलाय. भांड्यांवर नावं घालायचं मशीन असतं ना, खरखर आवाज करणारं, त्याने कोरले. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, त्या यादीत पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्दच नाहीत.

चैत्रपालवी:

दुकानात जाऊन कोरून घेतलेत?

सावंतवाडीकर:

छे! मशीन दोन दिवस भाड्याने आणलं आणि घरी स्वतः कोरले. भांडीवाला चांगला ओळखीचा आहे, त्याने विचारलंही 'कुणाचं लग्न?' म्हणून. पण शब्द एकदा दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेले की ते आपले राहिले नाहीत. पुण्यातलं प्रकरण आठवा. २०१८ च्या बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी तांत्रिक मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधले बिटकॉइन परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता.

चैत्रपालवी:

अगदी बरोबर केलंत. पण मग उलटी बाजू बघा. दुसऱ्या कुणालाच माहीत नसेल आणि उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर? माझ्या मैत्रिणीचा नवरा कोविडमध्ये गेला. त्याचा मोबाइल बोटाच्या ठशाने उघडायचा. त्यात काही होतं की नव्हतं, हेही तिला आजवर कळलेलं नाही. मुळशीकर, तुमचं यंत्र तुमच्याशिवाय कुणाला उघडता येतं का?

अंकगणित:

मी त्याच्याही आधीचा प्रश्न विचारतो. मुळशीकर, तुम्हाला तरी येतं का? शब्दांवरून वॉलेट परत उभं करून बघितलंय कधी? बऱ्याच यंत्रांत काही न पुसता शब्द तपासून घ्यायची सोय असते. ते केलं नसेल तर मोबाइल की हार्डवेअर या वादाला माझ्या लेखी अर्थ नाही. न तपासलेला पत्रा म्हणजे नुसता पत्रा.

मुळशीकर:

चार दिवसांनी लिहितोय. नव्हतं केलं. तुमचं वाचून रविवारी बसलो. मीही सावंतवाडीकरांसारखाच पत्रा कोरलेला होता आणि त्या भरवशावर निवांत होतो. यंत्रात बारा शब्द भरले, यंत्राने सांगितलं, चुकीचे आहेत. पुन्हा भरले, पुन्हा तेच. हातापायांतलं बळ गेलं. मूळ वही अजून होती म्हणून एकेक शब्द पडताळला. सातव्या जागी 'साइन' (sign) हवं होतं. कोरताना जी आणि एन ही अक्षरं उलटी पडून 'सिंग' (sing) झालं होतं, आणि तोही शब्द यादीत आहेच, म्हणून नुसतं वाचून चूक दिसत नव्हती. बारा शब्दांत पडताळणीचा एक छोटा भाग असतो, त्यामुळे असली चूक सोळातल्या साधारण पंधरा वेळा यंत्राला कळते. माझी कळली.

शब्द इथे उघड लिहितोय कारण त्या वॉलेटमधली रक्कम परवाच नव्या शब्दांच्या वॉलेटवर हलवली. माझं मत बदललेलं नाही, मोठी रक्कम मोबाइलवर नकोच. पण अंकगणित, तुमचा प्रश्न आला नसता तर माझं यंत्र बिघडल्या दिवशी माझी आणि भावाची गत एकच झाली असती.

ताई, तुमच्यासाठी: काल संध्याकाळी नवा पत्रा बायकोच्या हातात दिला, नवंकोरं दुसरं यंत्र टेबलावर ठेवलं आणि मी बाजूला हात बांधून बसलो. काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिला पस्तीस मिनिटं लागली. नवव्या शब्दाला अडली, पत्रा दिव्याखाली तिरपा धरून बघितला आणि पुढे गेली.