डॉबरमनचे कान कापायचे नाहीत, मग गोऱ्ह्याच्या वेसणीचं काय?

वावरकाठी
आमचं गाव पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला. इथल्या एका पोराने वावराच्या राखणीला नागपूरहून डॉबरमनचं पिल्लू आणलं, दोन महिन्यांचं. शेपूट विकणाऱ्यानेच छाटून दिली. आता कान कापून देणारा डॉक्टर हवाय आणि गावाच्या ग्रुपवर नंबरांचा पाऊस पडतोय. एकाने तर घरीच ब्लेडने करायची तयारी दाखवली.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने जनावराचं दुखणं जात नाही, ते कापू नये. डॉबरमनचे कान जन्मतः लोंबतेच असतात. उभे दिसतात ते छाटून, टाके घालून, वर आठवडेच्या आठवडे पट्ट्यांनी बांधून ठेवल्यामुळे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराचे अवयव छाटणं गुन्हा आहे. दंड ऐका: पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. कायद्याला भिऊन कोणी थांबेल ही आशा नको. म्हणून इथे विचारतोय, तुम्ही काय म्हणता?

कपाशीवाला_काका
भाऊ, लय दया येऊन राहिली तुमाले कुत्र्याची. मले एक सांगा, गोऱ्ह्याच्या नाकात टोचा घालून वेसन ओवतो तवा कोनी धागा काढते का? खच्ची करतो तवा? पोळ्याले त्याच बैलाच्या गयात माळ घालता अन् फोटो टाकता. तुमच्याच कायद्यात लिवलं हाय का वेसन, खच्ची, शिंगं काढनं चालते. मंग कुत्र्याच्या कानालेच काहून सोनं लागलं? आमच्याइकडं गावठी पिल्लाचे कान बी कापत आले लोकं. कुत्रं तिखट होते अन् बिबट्याले धरायले कान भेटत नाई.

श्वानशौकीन_अमरावती
काकांशी सहमत, कारण वेगळं. जातीला रूप असतं. कान लोंबता डॉबरमन पाहून चोर पळेल का? शिवाय उभ्या कानात हवा खेळते, कान वाहत नाही. चांगल्या डॉक्टरने पूर्ण भूल देऊन केलं तर त्यात क्रूरता कसली? गावठी ब्लेडबाजीला माझाही विरोधच आहे.

गुरांची_डॉक्टरीण
लॅब्राडोरचे कान डॉबरमनपेक्षा जाड आणि लोंबते. त्याचा कान हवेसाठी कोणी छाटायला आणतं का? नाही. अल्सेशियनचे कान मुळातच उभे, तरी कान वाहतो म्हणून त्यालाही आणतात. तेव्हा आजाराचं कारण पुढे करू नका, दिसण्यासाठी हवंय असं म्हणा.

भूल दिली तरी भूल उतरल्यावरचे दिवस कोणी मोजत नाही. कापलेली कड खाजते, पिल्लू पाय मारतं, टाके उसवतात. पावसाळ्यात त्यावर माश्या बसतात. पट्टी सोडली की आत अळ्या वळवळताना दिसतात, एकेक चिमट्याने काढावी लागते आणि तेवढा वेळ दोघांनी पिल्लू दाबून धरायचं. पट्टीखालचा वास सुटेपर्यंत मालकाला पत्ता नसतो. कान उभे राहतीलच याची खात्री तरीही नाही.

आणि काका, बिबट्या कुत्र्याची मान धरतो, कान नाही. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो उगाच नाही. लोहाराकडून करून घ्या.

वावरकाठी
@श्वानशौकीन, ज्या जर्मनीत ही जात तयार झाली तिथे १९९८ पासून शिकारी कुत्री सोडून बाकीच्यांची शेपूट कापायलाही बंदी आहे. कान कापणं त्याआधीच बंद. पाळीव जनावरांबद्दलच्या १९८७ च्या युरोपीय करारात कान, शेपूट, नखं आणि भुंकू नये म्हणून स्वरतंतू, ही चारही कापाकापी नाकारली आहे. रूप माणसाने ठरवलं, माणूस बदलूही शकतो.

काका, वेसणीचं तुमचं बोलणं लागलं. पण ऐन कामात उधळलेला बैल आवरायचा तर काहीतरी लागतंच. डॉबरमनच्या उभ्या कानावाचून कोणाचं वावर पडीक राहिलं?

चुलीपाशी
वावरकाठी भाऊ, तुमच्या नियमात माझी मनी बसते का? तिची नसबंदी केली. गर्भाशय धडधाकट होतं, दुखणं काही नव्हतं. दर खेपेला चार पिल्लं कुठे ठेवू, एवढंच कारण. ही सोयच झाली ना? पण पुण्याच्या नणंदेने सोफा फाडते म्हणून मांजरीची नखं काढायचं मनात घेतलं, तेव्हा मी भांडले. नख एकटं निघत नाही, बोटाचं शेवटचं पेरच छाटतात हे तिला माहीतच नव्हतं. दोन्ही सोयीच्याच गोष्टी, पण मला एक पटते आणि दुसरी नाही. का, ते नीट सांगता येत नाही.

गुरांची_डॉक्टरीण
ताई, सोयीची आहेच. पण त्यात जनावराच्या पदरात काही पडतं. मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो. नखं काढून मांजरीच्या पदरात काय पडतं? झाडावर चढणं गेलं, स्वतःला वाचवणं गेलं. आणि वावरकाठी, नसबंदीच्या मोहिमेत रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच आम्हीच पाडतो. भुलेत असतानाच, पुन्हा पकडून पोट उघडू नये म्हणून. तुमच्या नियमाने तीही चूक ठरेल.

वावरकाठी
नियम जरा वाढवतो मग. कापण्यातलं थोडं तरी त्या जनावराच्या वाट्याला आलं पाहिजे. खाच बसते, नसबंदी बसते. डॉबरमनचा कान नाही बसत.

श्वानशौकीन_अमरावती
आणि बैल? खच्ची करून बैलाच्या वाट्याला काय येतं, जू? इथे मात्र सगळे गप्प.

कपाशीवाला_काका
आता बोलले तुमी मुद्द्याचं. त्या पोराले सांगतो म्या, कान राहू दे म्हनून. त्याले बी रातभर पट्ट्या बांधत बसाचं नाई. पन डॉक्टरीनबाई, आमच्या दवाखान्यात खच्ची करताना चिमटा तसाच लावते. पह्यले सुन्न कराचं इंजेक्शन माग म्हनलं तं संपलं म्हनते. बैल चार मानसाईनं दाबून धरा लागते. त्याचा बी धागा काढा एखादा, तिथं बी येतो म्या भांडाले.

गुरांची_डॉक्टरीण
काढते. चिमट्याआधी सुन्न करायला फार खर्च येत नाही. तुमच्या दवाखान्यात मागणी लेखी द्या, तोंडी नको.