‘चालू खात्यावरील तूट’ की ‘चालू खात्यावरील तोटा’?

प्रश्न : मी बेळगावात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आंतरराष्ट्रीय व्यापार व गुंतवणूक हा विषय आम्हाला इंग्रजीतून शिकवला जातो, पण टिपणे मी मराठीतच काढते. त्यात मी ‘करंट अकाउंट डेफिसिट’साठी ‘चालू खात्यावरील तोटा’ असे लिहिले होते. मैत्रिणीने ‘तोटा’ खोडून ‘तूट’ केले. या दोन शब्दांत खरोखर भेद आहे का?

उत्तर : भेद आहे, आणि तो जपायला हवा. दोन्ही शब्दांचे नाते ‘तुटणे’शी आहे, आणि ‘गावात पाण्याला तोटा नाही’ या प्रयोगात ‘तोटा’चा अर्थ टंचाई असाच आहे, त्यामुळे तुम्ही लिहिलेला शब्द अगदीच निराधार नाही. मात्र ‘नफा-तोटा’ या जोडीने त्याला व्यवहारात बुडालेल्या पैशाचा अर्थ इतका पक्का चिकटवला आहे की शास्त्रीय लेखनात तो वाचकाला चुकीच्या दिशेने नेतो. खानापूरकडचा शेतकरी भात वाळल्यावर पोत्यामागे घटलेल्या वजनाला ‘तूट’ म्हणतो आणि दर पडला तर ‘तोटा झाला’ म्हणतो. आपल्या भागातील विद्यार्थ्याला कानडीचाही आधार आहे : तिथे व्यापारतुटीला ‘व्यापार कोरते’ म्हणतात, तोट्याला ‘नष्ट’, आणि या दोहोंची गल्लत सहसा होत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखानदाराने परदेशातून यंत्र आणले, तर देशाची आयात तेवढ्याने वाढते आणि तूटही वाढू शकते. पण यंत्र कारखान्यात उभे असते, त्यावर काम निघते, मग यात कोणाचा तोटा झाला? चालू खात्यावर तूट आहे याचा अर्थ इतकाच की देशातील गुंतवणूक देशाच्या बचतीपेक्षा जास्त आहे आणि कमी पडणारा पैसा थेट परकीय गुंतवणूक किंवा कर्ज म्हणून बाहेरून येतो आहे, नाहीतर परकीय चलनाच्या गंगाजळीतून काढला जातो आहे. तो कोणत्या वाटेने उभा राहतो यावर धोका ठरतो. १९९१ साली गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले, तेव्हा तूट नक्कीच संकट होती. पण म्हणून प्रत्येक तुटीला तोटा म्हणता येत नाही.

पुरवणी (दुसऱ्या जाणकाराची) : वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त ‘चालू खाते’ या शब्दाविषयी एक सावधगिरी सुचवतो. आपल्याकडे दुकानदाराचे बँकेतील खातेही ‘चालू खाते’च असते, आणि नवा विद्यार्थी नेमका तिथे अडखळतो. देशाच्या व्यवहारतोलातील, म्हणजे परदेशांशी झालेल्या सर्व आर्थिक व्यवहारांच्या हिशेबातील, चालू खात्यात वस्तूंबरोबर सेवा, व्याज-लाभांश आणि परदेशातून घरी येणारा पैसाही मोजला जातो. आखाती देशात काम करणारा आपल्याकडचा मुलगा घरखर्चासाठी पैसे पाठवतो, ते चालू खात्यात जमा धरले जातात. तेच पैसे त्याने अनिवासी ठेवीत ठेवले तर नोंद भांडवली व्यवहारांत होते. म्हणून ‘व्यापारतूट’ आणि ‘चालू खात्यावरील तूट’ हेही समानार्थी शब्द नव्हेत : २०२०-२१ मध्ये भारताच्या वस्तुव्यापारात मोठी तूट होती, तरी चालू खात्यावर मात्र स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) सुमारे ०.९ टक्के शिल्लक होती. टिपणात ‘तूट’ लिहाल तेव्हा ती कशावरील, हे प्रत्येक वेळी सोबत लिहावे.