ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीय, कॅनडाला व्हिसा लागतो का?

न्यूजर्सीकर:
मंडळी, मागच्या महिन्यात माझं ग्रीन कार्ड आलं, पासपोर्ट अजून भारताचाच आहे. आई-बाबा पुण्याहून आलेत, त्यांच्याकडे अमेरिकेचा बी१/बी२ (व्हिजिटर) व्हिसा आहे, त्यांना नायगारा कॅनडाच्या बाजूने दाखवायचाय, तर आम्हा तिघांना व्हिसा लागेल का?

डेट्रॉइटकर:
अभिनंदन! तुम्हाला नाही लागणार. २६ एप्रिल २०२२ पासून ग्रीन कार्डवाल्यांना ईटीएसुद्धा (कॅनडाची ऑनलाइन प्रवेश-परवानगी) लागत नाही, चालू पासपोर्ट आणि चालू ग्रीन कार्ड मात्र दोन्ही जवळ ठेवा. पण आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागणारच, भारतीय पासपोर्टला अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर तिकडे सोडत नाहीत. माझी सासू नायगाराजवळच्या सीमेवरच्या रेनबो ब्रिजच्या अलीकडे थांबून नातवंडांना हात करत होती, मला अजून वाईट वाटतं हो, आधी चौकशी करायला हवी होती.

टोरांटोची काकू:
उलटं मात्र चालत नाही हां, मी कॅनडाची पीआर (कायम रहिवासी) आहे, पासपोर्ट भारतीय, मला अमेरिकेत यायला व्हिसा लागतोच.

न्यूजर्सीकर:
अरेरे, मग आई-बाबांना घेऊन मेक्सिको?

डेट्रॉइटकर:
हो, ते जमेल, ग्रीन कार्ड असो की अमेरिकेचा चालू व्हिसा, मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. फक्त परत येताना आई-बाबांचा आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) आणि व्हिसाची तारीख आधी बघून घ्या. युरोप म्हणाल तर शेंगेन व्हिसा (तिथल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) तुम्हालाही काढावाच लागेल, ग्रीन कार्ड तिथे कामाला येत नाही.